देवावर भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं

मागच्या महिन्यात चर्चमधली उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतली एक तरुण सून माझ्याजवळ आली. नवऱ्याची नोकरी गेलेली, दोन महिन्यांचं घरभाडं थकलेलं. म्हणाली, "मावशी, भेटेल तो सांगतो, देवावर भार टाका. पण टाकायचा म्हणजे सकाळी उठून करायचं काय?"

प्रश्न मला फार आवडला. मी काही पाळकबाई नाही, शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास केलेली नाही. पुण्यात बावीस वर्षं घरगुती डबे देते, सध्या चौतीस आहेत. पण इतक्या वर्षांत भार टाकून टाकून जे हाताला लागलं, ते तिला तिथंच चपला घालता घालता सांगितलं. घरी गेल्यावर वाटलं, घाईत बरंच राहिलं. म्हणून हे लिहितेय.

आजचं मागा, आणि नेमकं मागा

मी राहुरी तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात आठ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, येताना पदरात सुकडी, म्हणजे तिथं वाटायचा कोरडा खाऊ, घेऊन यायची. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकर, थापायला घेतली की कडेनं चिरायची. रात्री कंदिलाभोवती बसून आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायचो. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीला आई जरा थांबायची. भाकर हा शब्द तेव्हा नुसता म्हणायचा शब्द नव्हता, टोपलीत किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक असायचं. एकदा मी विचारलं, "एकदम वर्षाची का नाही मागायची?" आई म्हणाली, "वर्षाची दिली तर ठेवशील कुठं? उंदीर खातील."

पुढे संडे स्कूलला बायबलमधलं निर्गम पुस्तक वाचताना कळलं की आईनं सांगितलं ते मान्न्याचंच, म्हणजे रानात देवानं इस्राएली लोकांना रोज दिलेल्या अन्नाचंच, गणित होतं. माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, त्या दिवसापुरता. साठवलेल्याला सकाळी किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विश्रांतीचा. म्हणजे देवानं साठवण करायला सरसकट मनाई केली नव्हती. पण उद्याच्या धास्तीनं आज दोन घागरी भरायची खोड त्याला चालत नव्हती.

तर सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा: आज, रात्री झोपेपर्यंत, नेमकं काय अडलंय? मुलाचं लग्न नाही, म्हातारपण नाही. आज. आणि मग तेवढंच, तारीख-वेळेसकट मागा. "प्रभू, आम्हांवर कृपा कर" ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती पुरी झाली की नाही हे तुम्हाला कसं कळणार? मी म्हणते, "साडेअकराला चौतीस डबे निघू दे." गोलमाल मागितलं की उत्तरही गोलमाल वाटतं, आणि मग माणूस म्हणतो की देव काही करत नाही.

कागदाची भीती असेल, म्हणजे नोटीस, बिल, बँकेचं पत्र, तर हिज्कीया राजानं केलं ते करा. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन मंदिरात गेला आणि देवापुढे पसरून ठेवलं. मी खाटेवर पसरते. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचते, जसं काही समोर बसलेल्याला वाचून दाखवतेय. दर वेळी हाच अनुभव येतो, की डोक्यातला आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो आणि शेवटची तारीख आपल्याला वाटते त्याच्यापेक्षा दूर असते. वाचून झालं की कागद तसाच पसरलेला ठेवून स्वयंपाकघरात जाते. उशीखाली दडवलेल्या पत्राची प्रार्थना होत नाही असं माझं मत आहे.

आमेननंतरची दहा मिनिटं

असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आपल्याकडे सगळ्याच धर्मांच्या घरात चालते, आमच्याही. फक्त आम्ही तिला वचनांचे कपडे चढवतो. "प्रभू पाहून घेईल" म्हणत मुलं अर्ज भरत नाहीत.

नहेम्या यरुशलेमचा तट बांधत होता तेव्हा शत्रू चालून येणार अशी खबर आली. तिथं एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत: त्यांनी देवाची प्रार्थना केली, आणि रात्रंदिवस पहारा बसवला. आम्हाला लहानपणी केडगावला मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींचा आश्रम, बघायला नेलं होतं. पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेच्या गोष्टी ऐकून आम्हाला वाटलं होतं, तिथं आकाशातून काहीतरी पडत असेल. बघितलं तर विहिरी, शेत, छापखाना. १८९६ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. त्या मुलींसाठी पाणी मागताना बाई गुडघ्यावरही होत्या आणि माणसं खाली खोदतही होती.

म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. आमेन म्हटल्यावर दहा मिनिटांच्या आत, जे काम टाळत आलेय ते एक करायचं. बहुतेक वेळा तो एक फोन असतो. त्या सुनेला मी सांगितलं, घरमालकानं फोन करायच्या आधी तू कर. तिचा चेहराच उतरला. तेव्हाच मला कळलं की नेमकं तेच टाळत होती.

काउंटरवर, साहेबापुढे, डॉक्टरच्या केबिनमध्ये एवढा वेळ मिळत नाही. तिथंही नहेम्याच कामाला येतो. तट बांधायला जाण्याआधी तो परक्या राजाच्या चाकरीत होता, तेव्हा राजानं विचारलं, तुला काय पाहिजे? त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये त्यानं प्रार्थना केली. एका श्वासाची असणार, राजा ताटकळत थोडाच थांबतो. मी "प्रभू, जीभ सांभाळ" एवढंच म्हणते. माझी जीभ तिखट आहे, मला तेच लागतं.

मदत कोणाच्या हातून यावी, याची अट घालू नका

हे मला सगळ्यांत उशिरा समजलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला सोमवार, सकाळचे सहा वाजून गेलेले. अर्धी कणीक मळलेली, वाटाण्याची उसळ नुकतीच फोडणीला घातलेली. शेगडीची ज्योत पिवळी पडली, खाली बसली, विझली. मी दुसरी टाकी ओढली तर हाताला हलकी लागली. मदतीला येणाऱ्या मुलीनं गुरुवारीच बदलली होती आणि मला सांगायची राहिली होती. एकोणीस किलोची रिकामी टाकी मी वेड्यासारखी गदागदा हलवून बघितली. त्यानं काय होणार? पण सगळ्या बायका हलवतात.

टाकीवाल्याचा फोन उचलला जाईना. मी ओल्या पिठाच्या हातानं ओट्याला धरून म्हटलं, "प्रभू, साडेअकराला डबे निघू दे." मग नियमाप्रमाणे फोन लावायला घेतले. तीन ठिकाणी लावले. एकीकडे टाकीच नव्हती, एकीकडे घराला कुलूप, तिसरी म्हणाली नऊनंतर बघते.

समोरच्या दाराचा विचारसुद्धा मी केला नाही. समोरच्या वहिनी आणि मी अकरा महिने बोलत नव्हतो. जिन्यात माझ्या डब्यांच्या पिशव्या असायच्या, त्यावरून सुरू झालं आणि मी पुढे तोंडाला येईल ते बोलले होते. त्यांनी सोसायटीकडे तक्रार केली होती. येता-जाता मी मान फिरवायची.

तर टाकीचा आवाज ऐकून त्यांनीच दार उघडलं. म्हणाल्या, "संपली?" मी मान हलवली. "माझी भरलेली आहे, पण तुमच्या शेगडीला रेग्युलेटर बसायचा नाही. कणीक घेऊन इकडेच या."

एकशे छत्तीस पोळ्या आम्ही दोघींनी त्यांच्या ओट्यावर केल्या. त्या लाटत होत्या, मी भाजत होते. उसळीचं पातेलं त्यांच्या बर्नरवर बसेना, म्हणून दोन खेपांत केली. दोघी जेमतेम बोललो. "तेल कुठंय", "पीठ लावा थोडं", एवढंच. त्यांच्या पोळ्या माझ्यापेक्षा गोल होतात, हे मला तेव्हा कळलं आणि थोडं लागलंही.

डबे निघाले बारा वाजून पाच मिनिटांनी. दोन गिऱ्हाइकं कुरकुरली.

रात्री मला एलीया संदेष्ट्याची आठवण झाली. दुष्काळात देवानं त्याला करीथ ओढ्यावर लपवलं आणि कावळ्यांकडून सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस पाठवलं. कावळा आपल्याला ओळखीचा. खिडकीत ओरडला तर पाहुणा येणार म्हणतो, पण त्याच्या चोचीतलं खायला कोणी सांगितलं तर? आणि एलीया तर लेवीय पुस्तकाच्या नियमात वाढलेला. त्या नियमात कावळा अमंगळ पक्ष्यांच्या यादीत आहे. देवाला कबुतर पाठवता आलं नसतं का? मला खात्री आहे, पहिल्या सकाळी एलीयानं नाक मुरडलं असणार.

पुढे तो ओढाही आटला. मग देवानं त्याला सारफथच्या विधवेकडे धाडलं, जिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलं होतं आणि ती शेवटच्या स्वयंपाकासाठी काटक्या वेचत होती. म्हणजे मदतीला पाठवलं ते आपल्याहून गरिबाकडे, आणि परक्या गावात.

तेव्हापासून मी असं करते. प्रार्थना झाली की तीन नावं लिहायची, ज्यांच्याकडे मदत मागता येईल. आणि खाली चौथं नाव असं लिहायचं, ज्याच्याकडे मागायला मला मुळीच आवडणार नाही. दर वेळी चौथ्याकडे जावं लागतंच असं नाही. पण नाव लिहिलेलं असलं की त्या माणसानं दार उघडल्यावर आपण निदान दारात उभे राहतो. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र तुरुंगातून सुटून दार ठोठावतो, तर त्याच्याच सुटकेसाठी आत प्रार्थना करत बसलेली मंडळी, पेत्र आलाय असं सांगणाऱ्या रुदा या दासीला म्हणतात, "तू वेडी आहेस." बिचारा बाहेर ठोठावतच राहिला.

वही

शंभर पानी वही घ्या. मोबाईलवर लिहू नका, मोबाईलवरचं कोणी परत वाचत नाही. डावीकडे तारीख आणि काय मागितलं ते. उजवीकडे काय झालं ते, दुसऱ्या शाईनं. उजवी बाजू त्याच दिवशी भरायचा हट्ट नको. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर एकोणिसाव्या शतकात हजारो अनाथ मुलं सांभाळायचे, तेही अशा नोंदी ठेवायचे. त्यांचा पसारा मोठा, आपला चौतीस डब्यांचा.

लिहिताना खोटं लिहायचं नाही, हे महत्त्वाचं. त्या सोमवारच्या पुढे मी लिहिलंय: "डबे गेले. उशिरा. समोरच्या वहिनी." चमत्कार हा शब्द मी वहीत वापरत नाही. मंडळीत साक्ष देताना आपण सगळेच जरा मीठ-मसाला घालतो. वहीत तो नको, कारण पुढच्या अडचणीत धीर येतो तो न सजवलेल्या नोंदीनं. एका पानावर "पंख्याचा आवाज बंद होऊ दे, झोप नाही" असं आहे आणि समोर "तेल घातलं". तेही राहू दिलंय.

महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी दुपारी, मी मागची पानं वाचते. अर्ध्या काळज्या मला आठवतसुद्धा नाहीत. कोण "पाटील" होता, ज्याच्या उधारीसाठी मी तीन दिवस रडले?

काय करू नये

डोळे मिटून शास्त्र उघडून बोट ठेवायचं आणि ते वचन आपल्यासाठी आहे म्हणायचं, हे मी पुष्कळ वर्षं केलं. एकदा मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी बोट 'पहिला इतिहास' या पुस्तकातल्या वंशावळीवर पडलं. अमक्याचा मुलगा तमका. त्यातूनही मी अर्थ काढायचा प्रयत्न केला! एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये बायबलमधल्या वचनाचं कार्ड काढतो त्याला माझी ना नाही, मीही काढते, पाकिटात ठेवते. पण त्यावरून घर विकायचं की नाही ते ठरवू नका.

कोणी म्हणालं, अमुक रक्कम पेरा म्हणजे दसपट उगवेल, तर पर्स बंद करून घरी या.

आणि गोळ्या बंद करू नका. प्रार्थनेनंतर साखर, बीपी, फिट्स यांची औषधं सोडायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी त्याचं ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि प्रेषित पौलानं त्याला सोबत ठेवलं होतं.

उजवीकडे "नाही" असेल तेव्हा

माझ्या यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. त्या वह्यांमध्ये डावीकडे जवळजवळ रोज एकच ओळ आहे: "यांना बरं कर." २०१६ च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

दहाव्या दिवशी भेटायला आलेले एक प्रचारक म्हणाले, "बाई, विश्वास कुठंतरी कमी पडला." मी त्यांना चहा दिला. त्यांचं नाव मी कोणाला सांगत नाही, पण ते वाक्य कोणीही, कधीही, कोणाला बोलू नये. पौलानं आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. त्याला मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

या वचनानं माझं समाधान झालं असं मी सांगणार नाही. आठ महिने वही कोरी आहे. मी उपासनेला जायची, शेवटच्या बाकावर बसायची, गाणी म्हणायची नाही. बाकीचे म्हणायचे. पाळकबाई दर मंगळवारी यायच्या, वचन सांगायच्या नाहीत, माझ्याबरोबर मेथी निवडत बसायच्या. एक जुडी झाली की जायच्या. तुमच्या ओळखीत कोणाचं असं झालं असेल तर मेथी घेऊन जा.

अशा दिवसांत जबरदस्तीनं उपकारस्तुती करू नका. तेराव्या स्तोत्रातल्यासारखं "कोठवर?" विचारायला मोकळीक आहे, ती वापरा. आणि त्यालाही तोंड उघडत नसेल तर मार्कच्या नवव्या अध्यायातल्या आजारी मुलाच्या बापाचं वाक्य आहे: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." मला या दोन्ही अर्ध्यांची गरज लागली, दुसऱ्याची जास्त.

त्या शेवटच्या "यांना बरं कर" पुढे उजवीकडे मी "नाही" लिहिलं. पुढे कितीतरी दिवसांनी खाली दुसरी नोंद केली. ज्या रिक्षावाल्यानं अडीच वर्षं आम्हाला नेलं-आणलं, तो त्यांना हाताला धरून दोन जिने चढवायचा आणि थांबण्याचे पैसे एकदाही घेतले नाहीत. हे मी कधी मागितलेलंच नव्हतं, त्यामुळे डाव्या बाजूला त्याची ओळच नाही. वहीत अशा नोंदींसाठी शेवटची काही पानं राखून ठेवा.

ती सून परवा वही दाखवायला घेऊन आली. पहिली ओळ: "घरमालकाशी बोलायचं धाडस दे." समोर: "बोलले. दहा तारखेपर्यंत थांबतो म्हणाले. थोडे चिडले." दुसरी ओळ नवऱ्याच्या नोकरीची, आणि उजवीकडे तिनं एकाच ओळीची जागा सोडली होती. मी म्हटलं, अगं, चार तरी सोड.